घास

तासगावच्या बेदाणा स्टोअरेजमध्ये
माझा डबा अधूनमधून गोठायचा.
हिरवा दिवा तसाच,
पडद्यावर चार पूर्णांक दोन, तसंच,
आणि आत पेट्यांना घाम.

मग रात्री तीनला मौलाचाचांचा फोन :
"ताई, आकडा हालंना झालाय."
मी विश्रामबागेतून, अंथरुणातूनच,
वायर काढा. दहा मोजा. लावा.
ते मोठ्यानं मोजायचे. सहाला खोकला यायचा,
की पुन्हा एकपासून.

आज आले आहे ते कायमचं मिटवायला.
चिपमध्ये एक घड्याळ पहिल्यापासून होतंच,
कुणी कधी चालू केलं नव्हतं.
राखणीचं कुत्रं म्हणतात त्याला.
चोरावर भुंकत नाही ते.
पंधरा सेकंदांत घास पडला नाही
तर धन्यालाच चावतं,
आणि धनी दचकून पहिल्यापासून सुरू होतो.

कर्नलमध्ये ड्रायव्हर घातला.
एकदा सोडलं की पुन्हा बांधता येणार नाही,
तेही ठरवून टाकलं.
आधी घास घालायला मी वेगळाच गडी ठेवला होता.
तो इमानानं घालत राहिला,
आणि मापणारा शेजारी मरून पडलेला.
कुत्रं तृप्त. आकडा चार पूर्णांक दोन.
म्हणून आता, आधी सेन्सर वाच,
काँप्रेसरला विचार, नोंद लिही,
मगच घासाला हात लाव.

मौलाचाचा सगळं ऐकून म्हणाले,
"म्हंजे आमच्या घरातल्यावानीच की.
अकराला, दोनला, पाचला मी मिस्ड कॉल देतो.
न्हाई दिला तर ती थोरल्याला पिटाळती, सायकलीवरनं."
कधी पिटाळलं?
"एकदा. डोळा लागला हुता.
पोरानं येऊन तोंडावर तांब्याच वतला."

मग मी कर्नल मुद्दाम पाडला.
दिवा तसाच. आकडा तसाच.
चाचा मोजायला लागले, न सांगता,
सहाला खोकले नाहीत.
चौदा. पंधरा.
आत कुठंतरी टक् झालं.
पडदा काळा, मग ओळींमागून ओळी,
मग चार पूर्णांक तीन.
एका दशांशानं जिवंत.

गाडीला किक मारताना
चाचा फाटकापर्यंत आले.
"पोचल्यावर मिस्ड कॉल द्या."
पंचवीस किलोमीटर, त्यात कवलापुरात रस्ता खणलेला.
म्हटलं, पाऊण तास धरा.