अंथरूण

कुतैसीत, पुलाजवळच्या रविवारच्या बाजारात
वाझा दोन्ही हातांत वीज तोलतो,
टरबूज तोलावं तशी.
उजव्यात गोल ट्रान्सफॉर्मर, चार किलो तांबं-लोखंड,
डाव्यात नवी, चकचकीत, हलकी डबी.

घरी बिस्किटांच्या डब्यात अ‍ॅम्प्लिफायर तयार आहे,
मोटारसायकलच्या इंजिनाची पाती त्याला गार ठेवायला.
त्यानं प्यायचं कुठून, एवढंच ठरायचंय.

"व्होल्ट किती?" नानुली विचारते,
सूर्यफुलाच्या बिया सोलत.
चोवीस, शून्य, चोवीस.
"आणि अँपिअर?"
तो गप्प.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
इथं उलटं.
आधी पाय मोजायचे,
तेही निजलेले नव्हेत,
स्वप्नात लाथ झाडतानाचे.

कारण कॅसेटवर गोचा आहे, धाकटा भाऊ,
तिघांच्या गाण्यातला सगळ्यात खालचा सूर.
मागच्या खेपेला तो सूर लागला
आणि पुरवठा बसला, दिवा मिणमिणला,
आवाज फाटला.
गोचा दुसऱ्यांदा अर्ध्यातच राहिला.

"जड आहे हं," नानुली म्हणते,
आणि पिशवीत पिशवी घालून देते.
बसमध्ये वाझाच्या मांडीवर
झोपलेल्या पोरासारखं वजन.

रात्री आधी नुसती घूं.
दोन कपॅसिटर बदलले, घूं तशीच.
अर्थिंगच्या सगळ्या तारा एका स्क्रूखाली आणल्या,
तेव्हा कुठे गेली.

मग टेप फिरू लागली,
आणि गाण्याच्या आधी
कुणीतरी खाकरलं.

वाझाचा हात बटणावरच राहिला.
हे कधी ऐकू आलं नव्हतं.