एक सप्तक वर

एकतीस वर्षं मी खाली राहिलो.
शनिवारच्या हॉलमध्ये, अ‍ॅकॉर्डियनच्या पायाशी.
जोडपी गरगरायची, आणि माझा आवाज
त्यांच्या कानांना नव्हे, तळव्यांना कळायचा,
फळ्यांतून.
खर्जाचं असंच. तो थांबला
की मगच लोक मान वळवून बघतात.

आता मार्च. दुलुथच्या बंदरात
बर्फ फोडणारी बोट सकाळपासून कण्हते आहे.
एन्सिओच्या दुकानात, काउंटरवर
माझा बास आडवा. चारही जाड तारा उतरवलेल्या.
कवळी काढून ठेवलेला म्हातारा.

"गिटारच्याच तारा लाव की. स्वस्तात पडेल."
एन्सिओ वाद घालत नाही. एक लावून दाखवली.
टोकाची गोळी ब्रिजच्या भोकातून आरपार गेली;
तिला पितळी वायसर अडकवला, तर दुसरं टोक
खुंटीपाशी पोचेना. चार बोटं कमी.
"वर्नर, अंथरूण पाहून पाय पसरावेत, कबूल.
पण इथे पायच आखूड आहेत."

मग खालच्या खणातून लांब तारांचं पाकीट,
खास याच कामाचं.
बावन्न, अडतीस, अठ्ठावीस, वीस.
इंचाचे हजारावे भाग.
वीसची तार उजेडात धरली तर
माझ्या भुवईचा पांढरा केस वाटली.
जुन्या रुंद खाचांत ती नांदेना.
एन्सिओने हाडाची नवी पट्टी घासली,
दुकानभर दाताच्या दवाखान्याचा वास.
ताण उतरला तशी बासची मान मागे झुकलेली;
त्याने आतली सळई पाव फेरा सैल केली,
आणि "चहा थंड झाला" म्हणाला.

स्टुलावर आउने बसलेली. माझी बहीण.
थर्मास मांडीत, गळ्याला रुमाल.
ऑगस्टमध्ये ऑपरेशन झालं. तेव्हापासून तिचा आवाज
सायकलच्या ट्यूबमधून निसटणाऱ्या हवेइतका.
मी तिला सांगितलं नव्हतं हे कशासाठी चाललंय.
तिने विचारलंही नव्हतं.

ई, ए, डी, जी. नावं तीच, घर एक मजला वर.
बोटांना काही नवं शिकायचं नाही.
सगळ्यात बारीक तार मोकळी छेडली:
आउनेचं गाणं जिथून सुरू व्हायचं
तो उंबरा.
तिथून वर चढत गेलो, तिचीच एक जुनी चाल,
पातळ तार बोट कापत होती,
आणि वाटलं, जमलं.

आउनेने मान हलवली. नाही.
बोट खाली केलं.
मी खुंटी ढिली केली, अर्धा स्वर.
बोट अजून खाली.
पूर्ण स्वर.

तेव्हा आठवलं. अ‍ॅकॉर्डियनवाला आर्वो
दर शनिवारी कुरकुरायचा,
"या बाईसाठी अख्खा हॉल एक पायरी उतरवा!"
आणि आम्ही उतरवायचो. इतकी वर्षं,
इतक्या सवयीनं, की माझ्या हातांनी
मला कधी कळवलंच नाही.

आता डी, जी, सी, एफ. पण तारा लुळ्या पडल्या,
पट्ट्यांवर खरखरू लागल्या, कागदावर माशी अडकावी तशा.
एन्सिओने पाकिटाकडे बघितलं, मग आउनेकडे.
"आधी सूर ठरवायला हवा होता. तारा मागाहून."
वहीत लिहिलं: छप्पन्न, बेचाळीस, बत्तीस, बावीस.
मागवाव्या लागतील. आठ दिवस.
निम्मे पैसे आगाऊ.

निम्म्याचे निम्मे आउनेने दिले,
पर्समधली चिल्लर मोजून, मला हात लावू न देता.

बाहेर बोटीचा भोंगा: एक लांब, दोन आखूड.
गाडीत मागच्या सीटवर, खड्ड्याखड्ड्याला
बास उघड्या पेटीत स्वतःशीच खरखरत होता.
मी म्हणालो, आठ दिवस काढू कसेतरी.
आउनेने काचेवर वाफ सोडली, ओठ हलवले.
"चालेल हाच," असं काहीसं.
किंवा "चहा राहिला दुकानात."
मी गाडी चालवत होतो, नीट बघता आलं नाही.