शेरा

उपाशीपोटी या, म्हणाली होती, बारा तास.
मी आलो चौदा तासांनी.
खात्यातली सवय. मुदतीआधी भरलेलं बरं.

गीताभवन चौकातली ही तिसरी लॅब.
पहिल्या दोन्हींत दर विचारला
आणि छत्री विसरल्यासारखं करून बाहेर पडलो.
"पुन्तमबेकरजी!"
पुणतांबेकर, मी मनात दुरुस्त केलं. उठलो.

पावती छापून आली, अजून कोमट.
साखर. थायरॉइड. आणि ती तीन अक्षरांची तपासणी
जी डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता लिहिली.
बेरजेच्या वर एक ओळ :
कर – शून्य.

"इसपे टैक्स नहीं लगता, अंकलजी,"
पोरीनं प्रसादाची पुडी द्यावी तसं सांगितलं.

बाई गं,
बत्तीस वर्षं विक्रीकरात गेली माझी,
शून्य कुठे राहतं ते मला विचार.
बिलात नाही, म्हणजे नळीच्या जांभळ्या बुचात आहे,
सुईत, हातमोज्यात, फ्रिजमधल्या त्या इवल्या बाटल्यांत,
भिंतीवरच्या धबधब्याच्या चित्रामागे, भाड्यात.
लॅबला तो परत मिळत नाही,
म्हणून ती तो तपासणीच्या पोटात घालते,
आई कडू गोळी केळ्यात घालते तसा.

हे बोललो नाही. मागे रांग होती.

त्र्याण्णव साली दवा बाजारातले झांझरी
माझ्या टेबलासमोर उभे होते.
रक्त तपासायचं द्रव्य मुंबईहून मागवत.
"साहब, ये दवाई है."
औषधाला दर कमी, रसायनाला जास्त.
मी विचारलं, पितात? टोचतात?
यानं कुणी बरं होतं?
हिरवी शाई नुकतीच मिळाली होती मला.
लिहिलं : औषध नव्हे. रसायन.
नियमाला धरून होतं. आजही तेच लिहीन,
बहुधा.
झांझरी हात जोडून निघाले, दाराशी थबकले,
"लगेगा तो मरीज़ को ही," असं काहीसं पुटपुटले.
मी पुढची फाईल ओढली.

त्यानंतर दर बदलले. खात्याची पाटी दोनदा बदलली.
झांझरींच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात.

मूठ वळा, मुलगा म्हणतो. दंडाला रबर.
कर म्हणजे हात, कर म्हणजे पट्टी,
दोन्हींना एकच शब्द का, असं शाळेत विचारलं होतं.
छडी मिळाली. हातावरच.
रक्त येतं, संथ, गडद,
वसुलीला सरावलेलं.

आत, काचेपलीकडे,
माझ्या थेंबावर माझाच शेरा पडेल.
रंग बदलेल, किंवा नाही बदलणार.
रिपोर्ट सहानंतर.

कोपरात कापूस दाबून बाहेर आलो.
उसळपोह्यांची गाडी. वरून शेव, जास्तीची, न मागता.
पंचवीस रुपये दिले.
पावती मागितली नाही.