खिंड बंद

रात्री नऊला मी फळा उलटा करते.
एका बाजूला 'उघडी', दुसऱ्या बाजूला 'बंद'.
पत्र्याचा फळा, दोन खिळे, एक तार.
माझी सत्ता एवढीच, मुठीत मावेल एवढी.

पण तिच्यापुढे खाली चाळीस ट्रक थांबतात,
इंजिनं घुरघुरत, कांदे गोठत,
ओशहून बिश्केकला निघालेली एखादी नवरी,
आणि एसेनकुल, जो दर हिवाळ्यात विचारायचा,
"बुर्माके एजे, नक्की का?"

नक्की.
हा शब्द मी न अडखळता म्हणायला शिकले.
नेमणुकीच्या दिवशी साहेब म्हणाले होते,
बर्फाचं आम्ही बघू, तू आवाज सांभाळ.

स्टोव्हजवळ वही असते.
वारा, तापमान, थरांची जाडी.
आकडे सांगायचं तेवढं सांगतात, मग गप्प बसतात.
उरलेलं मी ठरवते,
आणि कशाच्या जोरावर, ते विचारू नका.
कधी गुडघ्यातल्या कळीच्या.
कधी काल कुणीतरी हसलं होतं, त्या रागाच्या.

मागच्या फेब्रुवारीत पाच दिवस बंद ठेवली.
काही कोसळलं नाही.
पाच दिवस निळंभोर आभाळ, खिल्ली उडवल्यासारखं.
ड्रायव्हर चहाला यायचे, विचारायचे काही नाहीत.
ते न विचारणं मी मोजत बसायचे.

पाचव्या रात्री खिडकीशी उभी राहून
मी डोंगराला म्हटलं, पड.
एकदा पड ना रिकाम्या रस्त्यावर,
कुणाला खरचटूसुद्धा नये,
फक्त दिसावं सगळ्यांना.

सहाव्या पहाटे तो पडला.
आवाज आधी पोटात आला, मग कानांत.
माणसं धावत वर आली, माझा हात धरून रडली.
एसेनकुलनं तेवढ्या थंडीत टोपी काढली.
मी मान हलवत राहिले,
आणि छातीत जे उसळलं
ते वहीच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

तेव्हापासून "नक्की का" कुणी म्हणत नाही.
हेच वाईट झालं.
आता नऊ वाजता मीच विचारते,
एसेनकुलच्या आवाजात, त्याचा खोकलाही मधे घालून.
तार गार असते, बोटांना चिकटते.
फळा थोडा वेळ अर्ध्यातच लटकतो,
त्याची कड तेवढी दिसते,
गंजलेली.