चार हजारच्या पुढे

शरणपूर रोडला, पहिल्या मजल्यावर,
मी लोकांचे कान मोजते.
ऐकू आलं की बटण दाबा. एवढंच.

सुखदेव पगारे, वय एकाहत्तर,
नोटांच्या छापखान्यातून निवृत्त.
आलेख दोन हजारपर्यंत बरा,
चार हजारला विहिरीत उडी मारल्यासारखा.
मशीनच्या आवाजानं, मी म्हटलं.
नाही, झांजेनं, तो म्हणाला
आणि चिवड्याच्या पिशवीतून कॅसेट काढली.
निळ्या बॉलपेनानं लिहिलेलं: तिसरी पाळी, ८१.

म्हणजे बँड. नाशिकरोडचा.
रात्रपाळी सुटली की कॅन्टीनच्या मागे जमायचे:
हा ड्रमवर,
कोकणीपुऱ्यातला इक्बाल बास गिटारवर,
सॉलोमन रणभिसे, चर्चची पेटी
रविवारी जागेवर ठेवायच्या बोलीवर,
आणि पुंजाजी रेणके, संबळ.
तेव्हा जिकडेतिकडे डिस्को.
यांनी त्याच्या गळ्यात कवड्यांची माळ घातली.
वऱ्हाडी विचारायचे,
नाचायचं का हात जोडायचे, एक काय ते सांगा.
एक बाईही गायची, टेलिफोन एक्स्चेंजमधली.
नाव? थांबा, आठवेल.

मी याच गावात वाढले.
यांचं नाव कधी कानावर आलं नाही,
आणि कान तर माझा धंदा.

माझ्या यंत्राला मागे टेपचं एक भोक आहे,
वर्षानुवर्षं धूळ खात.
आधी नुसती खरखर.
मग मालगाडीचे डबे जोडल्याचा धक्का.
मग संबळ, एका तोंडानं विचारणारा,
दुसऱ्यानं उत्तर देणारा,
आणि खाली बास, जसं कुणी
अंधारात ओळखीचा जिना उतरतंय.
माझा अंगठा हलला. मग टाच.
मी दार लावून घेतलं. बाहेर तीन पेशंट.

त्याला मात्र अर्धंच पोचत होतं.
दोन्ही कानांत मशीन बसवलं,
वरच्या पट्ट्या एकेक करून उघडल्या.
तो डोळे मिटून बसला होता.
उघडले. मागे घ्या, म्हणाला.
पुन्हा मागे.
चौथ्यांदा म्हणाला, इथं. मुखडा संपल्यावर.
कोण पळतंय, सांगा.

मला गाण्यातलं कळत नाही.
पण जत्रेत हात सुटलेलं पोर जसं,
तसं काहीतरी पुढे धावत होतं, पत्र्यासारखं किणकिणत.
झांज, मी म्हटलं.

तो बराच वेळ बटणाशी खेळत राहिला.
मग: चाळीस वर्षं इक्बालला म्हणतोय,
तू मागे पडलास.
यावरूनच मोडलं सगळं. देवळालीच्या लग्नात,
पंगत उठायच्या आत.

पंधरा दिवस वापरून बघा, मी म्हटलं, हप्त्यानं घेता येईल.
त्यानं विचारलं, कोकणीपुऱ्याला रिक्षा
समोरूनच मिळेल ना?
जिन्यात थांबून
कठड्यावर दोन बोटं वाजवून पाहिली,
या वेळी सावकाश.

कॅसेट विसरला.
दुसरी बाजू मी अजून लावलेली नाही.
तिकडे ती बाई आहे.