कोणत्या दोनने

सुरेत्काच्या धक्क्यावरून तेलिरे ओलांडली
तेव्हा लॅपटॉप छातीशी होता,
तापलेल्या पोराला न्यावं तसा.
नावाडी म्हणाला, एवढं काय आहे त्यात?
म्हटलं, सहाशे बारा वाक्यं. आपलीच.
वाक्यांचं भाडं घेत नाही, म्हणाला, आणि वल्हं मारलं.

एउसेबिया मावशी कोकोची फळं फोडत बसलेली.
तिला सांगितलं, प्रत्येक शब्दाला चिठ्ठी लावायची:
नाम, क्रियापद,
कुठेच बसत नसेल तर 'इतर'.
दिवस कलेपर्यंत 'इतर'चं टोपलं उतू गेलं.

आमच्यात दोन म्हणजे नुसतं दोन नसतं.
दोन माणसांचं दोन वेगळं, दोन संत्र्यांचं वेगळं,
केळीच्या दोन पानांचं आणखी वेगळं.
सान होसेच्या ऑफिसात हा रकाना कुणाला सुचला नव्हता.
मी नवा काढला.
मावशीने त्याच्याकडे पाहिलं
नव्या छपराकडे पाहावं तसं: गळेल कुठून?

यंत्र सगळंच विचारत नाही.
जिथे अडतं तेवढंच पुढे करतं.
हे मात्र तिला पटलं.
शाळेतले मास्तर स्वतःला येणारंच विचारायचे,
आणि उत्तर आमच्या बोलीत आलं
तर बरोबर असूनही छडी.
"ह्याला निदान आपल्याला काय येत नाही ते कळतं.
बसव त्याला."

आठवड्याने शंभरात एकाहत्तर बरोबर.
मी हरखले.
ती म्हणाली, "एकाहत्तर फळ्यांचा पूल.
पुढे नदीच ना?"

तीनशे एकोणनव्वदावं वाक्य लिआंद्रो मामाचं.
जायच्या आधीचं रेकॉर्डिंग. मध्ये खोकला, मध्ये कोंबडा,
आणि अवा आजाऱ्याच्या उशाशी म्हणतो
त्यातलं काहीतरी.
यंत्र तिथेच अडलं होतं, पुन्हा पुन्हा तेच पुढे करत होतं.
मावशीने हात पुसले.
"हे त्याला सांगायचं नाही."
अगं, आकडा वाढेल.
"वाढू दे दुसरीकडून."
खोकल्याला चिठ्ठी लावली. कोंबड्याला लावली.
उरलेलं कोरं ठेवलं.

बॅटरी चार टक्के. बाहेर बेडूक.
मी वायर गुंडाळत होते तेव्हा तिने विचारलं,
ही वाक्यं मोजलीस ना,
ती कोणत्या दोनने?
माणसांच्या, पानांच्या, का संत्र्यांच्या?

मी ती स्पॅनिशमध्ये मोजली होती.