नळीभर थुंकी

नाताळात सुनेनं दिला तो डबा.
आत एक नळी, एक पिशवी आणि सूचना :
अर्धा तास आधी काही खाऊ नका, पिऊ नका.
मी कॉफीवर जगणारी बाई,
तो अर्धा तास काही केल्या सरेना.
मग रेघेपर्यंत थुंकले.
एकसष्टाव्या वर्षी तोंडाला पाणी किती कमी सुटतं,
तेही तेव्हाच कळलं.

मला एवढंच हवं होतं :
आजी खरं सांगायची का,
की तिची खापरपणजी फिनलंडच्या पार वरच्या टोकाची,
रेनडिअर राखणाऱ्यांतली.
निकाल आला. नाही. एक थेंबही नाही.
आम्ही हसलो.
सून म्हणाली, इथे एक चौकोन आहे,
पोलिसांनी पाहिलं तर चालेल का?
म्हटलं, कर खूण.
आपल्या घरात काय सापडणार.

लोइस हेंड्रिक्सन अठ्ठेचाळीस वर्षं
जिल्ह्याच्या कचेरीत एका कागदी पाकिटात होती.
म्हणजे तिची नखं होती.
बेकरीतली लोइस,
वेलचीच्या पावाचा जळका कडा कापून मला द्यायची,
कागदात गुंडाळून, मालकाकडे पाठ करून.
एकाहत्तरच्या फेब्रुवारीत कामावरून घरी निघाली,
आणि एप्रिलमध्ये बर्फ उतरल्यावर
रेल्वेच्या मोरीत सापडली.

व्हर्ना टुओमेला, निवृत्त ग्रंथपाल,
मी तिला कधी पाहिलं नाही.
तिनं तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर
माझे पणजोबा, निपणजोबा उठवून ओळीनं बसवले.
चर्चच्या वह्या, मृत्यूच्या बातम्या,
बोटीवरून उतरताना चुकीची लिहिलेली आडनावं.
नखांखालच्या माणसाचं आणि माझं आठशे बारा जुळत होतं.
आठशे बारा काय, मी विचारलं.
सेंटीमॉर्गन, डिटेक्टिव्ह म्हणाला,
जणू मैल किंवा पौंड.

चुलत असेल, आते असेल, मामे असेल, मावस असेल.
आईकडचं कुणी जुळेना,
मामे गेले, मावस गेले.
काका दोघेही बिनलग्नाचे, तांब्याच्या खाणीत संपलेले.
उरली एक आत्या.
आत्याला तीन मुलगे.
थोरला तेव्हा व्हिएतनामात.
धाकटा सात वर्षांचा.

रेनो.
दर हिवाळ्यात माझ्या छपरावरचं बर्फ ओढून काढणारा रेनो.
पैसे दिले तर रागवायचा. कॉफी चालायची, दोन कप.
चर्चच्या तळघरातल्या जेवणानंतर
त्यानं टाकलेला कागदी कप
कुणीतरी हातमोज्यानं उचलला,
एवढं सोपं झालं शेवटी.

डिटेक्टिव्हनं विचारलं,
त्या हिवाळ्यातलं काही आठवतं का?
म्हटलं, मी तेरा वर्षांची होते.
ते खरंच होतं.

रात्री आठवलं.
आठवलं म्हणणं लबाडी आहे,
ते कुठे गेलंच नव्हतं.
त्याच्या कानामागून मानेवर उतरलेल्या
चार रेघा.
काटेरी तार लागली, तो म्हणाला.
आत्यानं मलमाची डबी माझ्या हातात दिली
आणि चुलीकडे वळली.
मी बोटानं हलके लावत गेले.
तो स्स म्हणाला, मग हसला,
माझी वेणी ओढली.

त्या फेब्रुवारीत कुंपण
चार फूट बर्फाखाली होतं.
आम्ही पोरं त्याच्यावरून चालत शाळेत जायचो,
तार कुठे आहे हे पायाला कळायचंसुद्धा नाही.
आत्याला हे ठाऊक होतं.
ती वारली तेव्हा पंच्याण्णव वर्षांची होती
आणि चुलीकडेच तोंड करून होती, असं मला वाटतं.

लोइसच्या बहिणीचा फोन आला, जॉइसचा.
खूप वेळ नुसता श्वास.
मग म्हणाली, तुमच्यामुळे.
मी म्हटलं, मी फक्त थुंकले हो.
ती हसली, किंवा तसा काही आवाज आला.
रेघांचं मी बोलले नाही.

परवा पुन्हा दीड फूट पडलं.
सून म्हणाली, माणूस लावू या.
छप्पर रात्री करकरतं, मी पडून ऐकते.
जॉइसचा नंबर फ्रीजवर चिकटवला आहे.
सकाळची कॉफी ओतून ठेवली आहे समोर.
अजून घेतलेली नाही.